चारही सारखे की एकच वेगळा?



मागच्या अंकात आपण टायरमधील हवा आणि बॅटरी यांच्याविषयी बोललो. त्यानंतर काही वाचकांनी एकाच तक्रारीविषयी विचारले आहे. गाडी 'मिसिंग' करते, चढावर पिकअप देत नाही, अ‍ॅव्हरेज घसरले आहे आणि गॅरेजमध्ये नेली की इंजिनकामाचे नाव निघते. इंजिनकाम म्हणजे मध्यमवर्गीय घराचा दोन-तीन महिन्यांचा खर्च. मुलांची फी, घराचे भाडे, औषधपाणी सगळे मागे सारून तो पैसा उभा करावा लागतो. म्हणून तो काढण्याआधी ज्याला इंजिनच्या आतले खरोखर ठाऊक आहे त्याला विचारून घ्यावे, असे आम्हांला वाटते. तो म्हणजे स्पार्क प्लग.

होते असे की, गॅरेजमध्ये जुने प्लग काढले जातात, नवे बसवले जातात आणि जुने कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात पडतात. त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आमच्या शिक्षकी नजरेला हे न तपासलेल्या उत्तरपत्रिका रद्दीत घालण्यासारखे दिसते. मुलाला काय येते आणि काय येत नाही, हे त्याच कागदावर लिहिलेले असते.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, हे सारे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांविषयी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते.

प्लग काय करतो?

पांढऱ्या चिनी मातीसारख्या भांड्यातून एक धातूची कांडी खाली आलेली असते. तिच्यासमोर वाकवलेले दुसरे टोक असते. दोहोंमध्ये बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटर एवढी फट, म्हणजेच गॅप असते. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून हजारो व्होल्टचा दाब तयार करते आणि त्या फटीतून ठिणगी उडी मारते. त्या ठिणगीने पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटते व पिस्टन खाली ढकलला जातो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलेंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा हे घडते.

इतक्या वेळा आगीच्या तोंडाशी बसणाऱ्या वस्तूवर खुणा राहणारच. त्या खुणा कशा राहतील हे तापमानावर ठरते. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यावर बसणारी काजळी जळून जाते आणि प्लग स्वतःच स्वतःला साफ ठेवतो. टोक ८५० अंशांच्या वर गेले तर ते निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवू लागते. या दोन आकड्यांच्या मध्ये प्लगचे आयुष्य सुखाचे. खाली राहिला तर काळा पडतो, वर गेला तर पांढरा पडून भाजतो.

काढताना घ्यायची काळजी

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लग काढू नये. हल्ली इंजिनचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. गरम असताना जोर लावला तर त्यातले आटे खराब होतात आणि दुखण्यापेक्षा औषध महाग पडते. पण त्यासाठी गाडी सकाळी नुसती चालू करून दहा मिनिटे जागेवर ठेवू नका. प्लगवर शेवटच्या काही मिनिटांची छाप अधिक ठळक असते. जागेवर चालवलेल्या इंजिनचा प्लग उगीच काळा दिसेल. आधी दहा-पंधरा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, घरी आल्याबरोबर बंद करा, थंड होऊ द्या आणि मग उघडा.

किल्ली काढून घ्या. कॉइलचे कनेक्टर हलक्या हाताने सोडवा; वायर धरून ओढू नका. प्लग खोल खड्ड्यात बसलेला असतो, त्या खड्ड्यातली धूळ आणि खडे हवेने उडवून टाका, नाहीतर प्लग निघताच ते थेट सिलेंडरमध्ये पडतील. प्लग पाना गाडीनुसार १६ किंवा २१ मिलिमीटरचा लागतो. त्याच्या आत रबर किंवा चुंबक असावे, म्हणजे प्लग सुटून पडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. निघालेला प्रत्येक प्लग कोणत्या सिलेंडरचा हे लिहून ठेवा. आम्ही यासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे वापरतो. खळग्यांवर पेनाने १, २, ३, ४ लिहायचे आणि त्या त्या खळग्यात तो तो प्लग तोंड वर करून ठेवायचा. बहुतेक गाड्यांत पट्ट्याच्या किंवा टायमिंग चेनच्या बाजूचा सिलेंडर पहिला धरतात. क्रम चुकला तर अर्धी माहिती गेली म्हणून समजा.

पहिला प्रश्न रंगाचा नाही

लोक प्लग हातात घेतला की लगेच रंग पाहतात. त्याआधी चारही प्लग एका ओळीत ठेवून एवढेच विचारा: चारही सारखे आहेत की एकच वेगळा आहे?

वर्गात पस्तीस मुले आहेत आणि एका प्रश्नाचे उत्तर पस्तीसच्या पस्तीस मुलांनी चुकवले, तर शिक्षकाने मुलांवर रागावू नये. एकतर धडा नीट शिकवला गेला नाही किंवा प्रश्नच चुकीचा छापला गेला. मात्र चौतीस मुलांनी बरोबर लिहिले आणि एकाचे चुकले, तर त्या मुलाला जवळ बोलवावे. त्याला फळा दिसत नसेल, तो दोन दिवस आजारी असेल किंवा घरी काही घडले असेल.

इंजिनचेही तसेच. चारही प्लग एकसारखे बिघडले असतील, तर दोष चौघांच्या सामाईक गोष्टीत शोधावा: एअर फिल्टर, पेट्रोलचा दाब, ऑक्सिजन सेन्सर, थर्मोस्टॅट, किंवा चुकीच्या नंबरचे प्लग. एकच वेगळा असेल, तर दोष त्या सिलेंडरच्या घरातला: त्याची कॉइल, त्याचा इंजेक्टर, त्याचे वॉल्व्ह, त्याच्या रिंगा. आणि शेजारशेजारचे दोन सारखेच बिघडले असतील, तर दोघांमधल्या भिंतीवर, म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. या एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते. त्यानंतर रंग पाहावा.

निरोगी रंग

चांगल्या प्लगचे टोक फिकट बिस्किटासारखे किंवा राखाडीकडे झुकणारे असते आणि कोरडे असते. जुन्या पुस्तकांतील चित्रांत हा रंग गडद तपकिरी दिसतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले, तेव्हापासून निरोगी प्लगही अधिक फिकट दिसतात. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा प्लग तर जवळपास पांढुरका निघतो, कारण या वायूची काजळी नगण्य असते. म्हणून सीएनजी गाडीचा फिकट प्लग पाहून घाबरू नये.

कोरडी काळी काजळी

बोटाला लागणारी, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी कोरडी काळी पूड दिसली तर मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी आहे, किंवा इंजिन पुरेसे तापतच नाही. काजळी वीजवाहक असते. ठिणगीचा करंट फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून सरकून निघून जातो आणि गाडी मिसिंग करते.

आमच्या शाळेत मुलांना ने-आण करणारे एक व्हॅनवाले चाचा आहेत. त्यांची व्हॅन जुनी ओम्नी. ७९६ सीसीचे तीन सिलेंडरचे इंजिन, पुढच्या सीटखाली. गेल्या पावसाळ्यानंतर व्हॅन चढावर दम टाकू लागली, पेट्रोल दीडपट लागू लागले. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आले की रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल. चाचांची रोजी त्या व्हॅनवर. इंजिन खोलायचे म्हणजे आठ दिवस गाडी उभी, वर कर्ज.

आम्ही त्यांना विचारले, "चाचा, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती टाकावे लागते?"

"ऑइल? ते तर टाकावंच लागत नाही, सर. पट्टी काढून बघतो ना मी, तेवढंच असतं."

रिंगा गेलेल्या इंजिनला ऑइल कमी पडते आणि निळसर धूर येतो. इथे दोन्ही नव्हते. शाळेजवळच्या दुसऱ्या मिस्त्रींकडे जाऊन तिन्ही प्लग काढले. तिन्ही सारखेच काळे, तिन्ही कोरडे. तेलाचा थेंब नाही. म्हणजे प्रश्न तिघांच्या सामाईक गोष्टीचा. एअर फिल्टर काढला तर तो मातीने गच्च भरलेला. मग मिस्त्रींनी विचारले की तापमानाचा काटा कुठपर्यंत येतो.

चाचा खुशीत म्हणाले, "काटा तर खालीच असतो. इंजिन गरमच होत नाही, ती एक गोष्ट चांगली आहे बघा."

मिस्त्री हसले. थर्मोस्टॅटची जागा उघडली तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. कधीतरी गाडी गरम झाली असेल आणि कोणीतरी तो काढूनच टाकला असेल. आपल्याकडे हा उपाय सर्रास केला जातो. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसेल तर पाणी सतत थंड होत राहते, इंजिन गार राहते आणि गाडीचा कॉम्प्युटर 'अजून थंड आहे' असे समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. त्यातून चाचांच्या फेऱ्या दोन-दोन किलोमीटरच्या, दर गल्लीत थांबा. काजळी जळणार कधी? नवा थर्मोस्टॅट, नवा फिल्टर आणि तीन प्लग एवढ्यात काम झाले. इंजिन खोलावे लागले नाही. व्हॅन दुसऱ्या दिवशी सकाळी मुले घेऊन फाटकाशी हजर होती.

ओला प्लग: वास घेऊन पाहा

प्लग ओला निघाला तर आधी त्याचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर त्या सिलेंडरमध्ये पेट्रोल आले, पण पेटले नाही. ठिणगी कमजोर आहे, कॉइल गेली आहे किंवा इंजेक्टर गळतो आहे. एकच प्लग असा असेल तर सोपी परीक्षा आहे: त्याची कॉइल शेजारच्या सिलेंडरवर बसवा आणि शेजारची इकडे. मिसिंग कॉइलबरोबर सरकले तर कॉइल दोषी. जागचे हलले नाही तर दोष दुसरीकडे. मात्र प्लग बाहेर काढून बोनेटखालच्या पत्र्याला टेकवायचा आणि ठिणगी पाहायची, ही जुनी पद्धत आता सोडून द्यावी. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते; ती भडकू शकते. आजच्या कॉइलचा झटकाही साधा नसतो.

पेट्रोलचा वास नाही, पण चिकट, काळे, चकचकीत तेल आहे, तर ऑइल जळण्याच्या जागी येते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा वॉल्व्हचे सील झिजले असतील. इथे मात्र एक गोष्ट नीट पाहावी: तेल प्लगच्या कोणत्या भागावर आहे?

आमचा भाचा चिपळूणहून कराडला कुंभार्ली घाटाने नेहमी ये-जा करतो. घाटात त्याची गाडी झटके देऊ लागली. प्लग काढताना दुसऱ्या नंबरचा तेलाने माखलेला निघाला आणि त्याला सांगितले गेले की इंजिन ऑइल पिते आहे. त्याने फोनवर विचारले, "मामू, आता गाडी विकूनच टाकू का?" आम्ही त्याला प्लगचा जवळून फोटो पाठवायला सांगितले. तेल होते ते वरच्या बाजूला, षटकोनी नटावर आणि पांढऱ्या भांड्यावर. आट्यांच्या खालचे टोक, जे आगीत असते, ते कोरडे आणि फिकट बिस्किटी होते. म्हणजे तेल सिलेंडरच्या आतून आलेलेच नव्हते. ते वरून, टॅपेट कव्हरचे रबरी पॅकिंग कडक होऊन, प्लगच्या खड्ड्यात झिरपले होते. त्या तेलाने कॉइलचे रबर फुगले आणि करंट बाजूला निसटू लागला. पॅकिंग बदलले, खड्डा पुसला, रबर नवे घातले. गाडी अजून त्याच घाटात चालते आहे.

पांढरा, भाजलेला, ठिपक्यांचा

काळ्या प्लगपेक्षा पांढरा प्लग अधिक धोक्याचा. खडूसारखे पांढरे टोक, त्यावर फोड आणि झिजलेली कांडी दिसली तर प्लग अति तापतो आहे. पेट्रोल कमी पडत असेल, कुठून तरी जास्तीची हवा आत शिरत असेल, रेडिएटर नीट काम करत नसेल, प्लग सैल बसला असेल किंवा चुकीच्या नंबरचा 'गरम' प्लग टाकला असेल. चारही पांढरे असतील तर पेट्रोल पंप आणि फिल्टर पाहावा. एकच असेल तर त्याचा इंजेक्टर तुंबला आहे का ते पाहावे.

प्लगच्या नंबरची गंमत अशी की काही कंपन्यांच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग 'थंड' असतो आणि काहींच्या बाबतीत नेमके उलट. म्हणून दुकानदाराने "यातलाच आहे, चालेल" म्हटले तरी गाडीच्या पुस्तिकेतला नंबर जुळवूनच घ्यावा.

पांढऱ्या भांड्यावर बारीक काळे किंवा चमकणारे ठिपके दिसले, जणू मिरपूड भुरभुरली आहे, तर मिश्रण सुरळीत पेटण्याऐवजी आत स्फोटासारखे भडकते आहे. चढावर इंजिनमधून खणखण आवाज येतो, त्याला मिस्त्री 'नॉकिंग' म्हणतात, तो हाच. चमकणारे ठिपके अ‍ॅल्युमिनियमचे असू शकतात आणि ते अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचे असते. कांडी वितळलेली दिसली तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये. टो करून न्यावी. इथे टाळाटाळ केली तर इंजिनकाम खरेच करावे लागेल.

फार स्वच्छ प्लगवरही संशय घ्यावा

वर्गात एखाद्या मुलाची वही वर्षअखेरीसही कोरी करकरीत असेल तर आम्ही त्याचे कौतुक करत नाही. प्लगचेही असेच.

आमच्या शाळेतील एक शिक्षिका जुनी गाडी घेणार होत्या. गाडी दिसायला झकास, किंमत आटोक्यात. आम्ही त्यांना सुचवले की मिस्त्रींना बरोबर न्या आणि प्लग काढून पाहू द्या. तीन प्लग फिकट तपकिरी निघाले. तिसऱ्या नंबरचा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ. विकणारे म्हणाले, "तो नवीन टाकलाय." मिस्त्रींनी तो प्लग उजेडात धरून बाईंना दाखवला. कांडीच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि फट वाढली होती. नव्या प्लगच्या कडा तीक्ष्ण असतात. म्हणजे प्लग जुनाच होता, फक्त त्याचे तोंड धुतले गेले होते. इंजिनमध्ये ते कोण धुणार? हेड गॅस्केटमधून सिलेंडरमध्ये झिरपणाऱ्या कूलंटची वाफ. कूलंटची बाटलीही खुणेच्या खाली होती. बाईंनी नम्रपणे नकार दिला आणि घरी परतल्या. पहिल्या दोन गाड्यांत प्लगने घाबरलेल्यांना धीर दिला होता. इथे त्याने निर्धास्त असलेल्यांना सावध केले.

बाहेरच्या खुणा

प्लगच्या पांढऱ्या भांड्याचा बाहेरचा भागही पाहावा. धातूला लागून एक तपकिरी कडे दिसते. पुष्कळ जण ते पाहून म्हणतात की इथून गॅस गळतो. तो गळतीचा डाग नसतो. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेल-धुळीचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. पण भांड्यावरून उभी गेलेली पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली, तर करंट बाहेरून निसटतो आहे. प्लग आणि कॉइलचे रबर दोन्ही बदलावे. भांड्याला बारीक तडा असेल तर तो प्लग पुन्हा बसवू नये. पाना तिरपा लावल्याने किंवा प्लग हातातून पडल्याने असा तडा जातो.

कॉम्प्युटरच्या काळात याची गरज काय?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत कार्बोरेटर असायचा. प्लगचा रंग पाहून जाणकार मिश्रणाचा स्क्रू पिळत असत. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. आता मिश्रणाचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो. मग प्लग कशाला पाहायचा, असे कोणी विचारील.

कॉम्प्युटर लहानसहान चूक स्वतःच दुरुस्त करून घेतो, म्हणून आजच्या गाडीचे प्लग सहसा चांगलेच निघतात. पण त्याचाच अर्थ असा की आजच्या गाडीचा प्लग काळा निघाला, तर कॉम्प्युटरलाही आवरता न येणारे काहीतरी घडले आहे. शिवाय स्कॅनर 'तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसिंग' एवढेच सांगतो. ते पेट्रोलने, तेलाने की कूलंटने, हे प्लग सांगतो. दोघांची साक्ष मिळून घ्यावी. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग आतून वितळतो.

प्लगचा निकाल अंतिमही मानू नये. तेलकट प्लग दिसला तरी रिंगा की वॉल्व्हचे सील, हे ठरवायला कॉम्प्रेशन मोजावे लागते. ती तपासणी इंजिन न खोलता होते. म्हणून "आधी कॉम्प्रेशन मोजून सांगा" असे म्हणण्याचा गाडीमालकाला पूर्ण हक्क आहे.

परत बसवताना

साध्या निकेलच्या प्लगची फट फीलर गेजने मोजून पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त दाब लागतो, त्यामुळे सीएनजी गाड्यांत फट बहुधा कमी सांगितलेली असते. इरिडियमच्या प्लगची कांडी सुईसारखी बारीक असते. तिच्यावर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर कधीही चालवू नये. प्लगच्या शेपटाला रबरी नळीचा तुकडा लावून पहिले आटे हातानेच फिरवावेत. अडकले तर नळी घसरते आणि आटे वाचतात. हाताने पूर्ण बसल्यावर, वॉशर असलेला नवा प्लग पान्याने अर्धा ते पाऊण फेरा आवळावा. जुनाच परत बसवत असाल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला फेऱ्याचा बारावा भाग पुरे. ताकद दाखवण्याची ही जागा नव्हे, आणि सैल ठेवण्याचीही नव्हे.

मिस्त्रींशी बोलताना

हे सारे वाचून कोणी गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींची परीक्षा घेऊ नये. चाचांची व्हॅन, भाच्याची गाडी, बाईंचा सौदा, तिन्ही ठिकाणी शेवटी हात मिस्त्रींचेच लागले. एवढेच म्हणावे, "उस्ताद, जुने प्लग टाकू नका, नंबरवार ठेवा, मला बघायचे आहेत." चांगल्या मिस्त्रींना याचा राग येत नाही; उलट ते दोन गोष्टी जास्त सांगतात. हल्ली आपल्या घरांतल्या मुली आणि सुनाही गाडी चालवतात. त्यांच्यापैकी अनेकींना गॅरेजमध्ये काय विचारावे हे न कळल्याने मान डोलावून बिल भरावे लागते. हे एक वाक्य त्यांनाही शिकवून ठेवा.

सर्व्हिसिंगमध्ये प्लग बदलले असतील तर जुने मागून घ्या, वर तारीख आणि किलोमीटर लिहा आणि अंड्यांच्या ट्रेसकट माळ्यावर ठेवा. पुढच्या वेळी काढलेले प्लग त्यांच्याशेजारी मांडले की वर्षभरात इंजिनचे काय बदलले ते समोर दिसेल. आणि कोणी इंजिन खोलायचे म्हणाले, तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी तो ट्रे खाली काढा.